घरातील दोन घड्याळे
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



वेळेचा सदुपयोग हा विषय मजकडे सोपविण्यात आला आहे. ह्या विषयावर उपदेश करणे फार सोपे. पहाटे उठावे, आळस टाकावा, क्षण वाया दवडू नये, इतके सांगितले की वक्त्याचे काम झाले आणि श्रोतेही माना डोलावून घरी जावयास मोकळे. परंतु आज मला निराळाच प्रश्न आपणांपुढे मांडावयाचा आहे. तो असा की, घरात एकाचा जो वेळ वाचतो, तो कोणाच्या खात्यातून काढलेला असतो?

मुंबई शहरात एके काळी दोन वेळा चालत असत, हे तरुण मंडळींस कदाचित ठाऊक नसेल. १९०६ साली सर्व हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरली; तथापि मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. म्हणजे शहर एकच, पण कोणत्या घड्याळाने चालावयाचे, हे ज्याने त्याने विचारून घ्यावयाचे!

आपल्या वसई-विरारकडील घरांत अशी दोन घड्याळे अद्यापि चालू आहेत. एक घड्याळ गाडीचे. विरारहून मुंबईस जाणारी गाडी १८६७ साली सुरू झाली. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. तेथे रोज कामास जाणाऱ्यास मिनिटाचे मोल शिकवावे लागत नाही. दुसरे घड्याळ चुलीचे. त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पाणी भरणे, डबा करणे, मुलांस शाळेसाठी उठविणे, वृद्धांचे औषधपाणी, भांडी, कपडे, ही सारी कामे त्या घड्याळावर चालतात. ठरलेली गाडी नित्य गाठणारा गृहस्थ वक्तशीर म्हणून नावाजला जातो. पण त्याच्या हाती भरलेला डबा देणारे हात त्याच्या किती आधी उठलेले असतात, ह्याची नोंद कोठेच होत नाही. त्याचा वक्तशीरपणा ही पुष्कळदा त्या हातांची कमाई होय.

आणि ज्या घरची स्त्री स्वतःही नोकरीस जाते, तिला दोन्ही घड्याळे सांभाळावी लागतात. संध्याकाळच्या गाडीत स्त्रियांच्या डब्यात पाहावे. कोणी मटार सोलीत आहे, कोणी भाजी निवडीत आहे. वेळेचा सदुपयोग कसा करावा, हे ह्या भगिनींस आपण काय शिकविणार? त्यांच्यापाशी वाया घालविण्यास वेळच नाही.

ही केवळ माझी समजूत नव्हे. भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या दिनक्रमाची देशभर पाहणी केली. तीत असे दिसले की, विनावेतन घरकामात ८१.२ टक्के स्त्रिया भाग घेतात, तर पुरुष केवळ २६.१ टक्के. जे भाग घेतात त्यांतही स्त्रीची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाची ९७ मिनिटे. तेव्हा घरात वेळेची टंचाई आहे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा खरा दोष बहुधा टंचाईचा नसून वाटणीचा असतो.

मग करावे काय? मला तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट हिशेबाची. आपण दुधाचा व वाण्याचा हिशेब पैशापर्यंत ठेवितो. वेळेचा ठेवीत नाही. एक वही घ्यावी आणि एक आठवडाभर घरातील प्रत्येकाने आपण केव्हा उठलो, कोणते काम किती वेळ केले, केव्हा टेकलो व केव्हा निजलो, हे तीत खरेखरे लिहावे. हातातील मोबाइलकडे पाहण्यात गेलेला वेळही लपवू नये. रविवारी सर्वांनी ती वही एकत्र वाचावी. कोणास दोष देण्याचे कारण पडणार नाही, आकडेच बोलतील.

दुसरी गोष्ट वाटणीची. 'मी घरात मदत करतो,' असे म्हणणारे पुरुष पुष्कळ आहेत. पण मदत करणारा सांगण्याची वाट पाहतो. आणि काय करावयाचे, केव्हा करावयाचे, ह्याचा विचार पुन्हा त्या गृहिणीच्याच माथी राहतो. ह्या बाबतीत मुंबईच्या डबेवाल्यांपासून धडा घ्यावा. १८९० च्या सुमारास सुरू झालेला हा धंदा आजही चालू आहे. घरून डबा उचलणारा एक, तो कचेरीत पोहोचविणारा बहुधा दुसरा. डब्यावरील खुणेवरून प्रत्येकास आपला वाटा कळतो; कोणी कोणास विचारीत बसत नाही. घरातही पाणी भरणे अमक्याचे, भांडी तमक्याची, बाजार तिसऱ्याचा, असे एकदा ठरले की ते काम सर्वस्वी त्याचे झाले पाहिजे. त्याची आठवण करून देण्याचा भार दुसऱ्यावर पडता कामा नये.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट ह्यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत स्वयंपाकघरातील सेवेस एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आजारी किंवा अन्य महत्त्वाच्या कामात गुंतलेले सोडून बाकी सर्वांनी आठवड्याच्या पाळीने ही सेवा करावी. पाळी संपणाऱ्याने शनिवारी सफाई करावी आणि भांडी स्वच्छ व धडधाकट परत करावी, इतके बारकाईने त्यात सांगितले आहे. प्रार्थनेस व अध्ययनास वाहिलेल्या पुरुषांस ज्या कामात कमीपणा वाटू नये, ते आपणांस का वाटावा?

तिसरी गोष्ट दुसऱ्याच्या वेळेस मान देण्याची. शंभर माणसांची सभा अर्धा तास उशिरा सुरू झाली, तर अर्धा तास नव्हे, पन्नास तास बुडाले, असा हिशेब करावा. (हास्य.) आपल्या महोत्सव समितीच्या सभासदांनी हसू आवरावे! कचेरीतही हेच. आपला एक कागद आज हातावेगळा झाला नाही, तर तेवढ्यासाठी कोणा गरिबास पुन्हा भाडे खर्चून यावे लागते.

आणि ह्याच मानात विश्रांतीही येते. विश्रामदिनाच्या आज्ञेत केवळ घरधन्याची विश्रांती सांगितलेली नाही. पुत्र, कन्या, दास, दासी, दारचा परदेशी, एवढेच नव्हे तर गुरेढोरे ह्यांचीही नावे तीत घेतलेली आहेत. असे असता आपल्या घरी रविवार कसा जातो? मिस्साहून आल्यावर सर्वांनी पाय पसरावे आणि एकीने दुपारपर्यंत मटण शिजवावे, पुढे तिसऱ्या प्रहरापर्यंत भांडी घासावी. हा विश्रामदिन कोणाचा? जेवण दोन पदार्थांनी कमी झाले तरी चालेल. पण रविवारी निदान दोन तास त्या माउलीचे तिचे स्वतःचे असावेत. ती निजो, वाचो, अंगणात बसो. तिला हाक मारू नये.

बंधू आणि भगिनींनो, वाचलेल्या वेळाची खरी परीक्षा तो कोणाच्या वाट्यास आला ह्यात आहे. मुंबईस आपली दोन घड्याळे एक करावयास जवळजवळ ५० वर्षे लागली. आपणांस तितकी लागू नयेत. आज घरी गेल्यावर ती वही काढावी, आणि पहिली ओळ घरातील पुरुषमाणसाने लिहावी, एवढीच माझी विनंती आहे.