चादरीचा आडोसा

लग्नघरात पाहुणे वाढले की आपल्याकडे माळवदावर दोरी बांधायची, तिच्यावर सोलापुरी चादर टाकायची, की झाला आडोसा. १९३४ सालच्या फ्रँक काप्रांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या चित्रपटात असाच एक आडोसा आहे.

कोट्यधीश बापाला चुकवून पळालेली एली, म्हणजे क्लोडेट कोल्बेर, आणि नोकरी गेलेला बातमीदार पीटर, म्हणजे क्लार्क गेबल. बसच्या प्रवासात दोघांची गाठ पडते. पावसानं रस्ता अडतो, एकाच खोलीत रात्र काढायची पाळी येते. पीटर दोन खाटांच्या मधे दोरीवर ब्लँकेट टाकतो आणि त्याला बायबलातल्या यरीहोच्या तटाचं नाव देतो. तो तट रणशिंगांच्या आवाजानं कोसळला होता.

सकाळी बापानं पाठवलेले गुप्तहेर दारात हजर! दोघं क्षणात नवरा-बायको होऊन कडाकडा भांडू लागतात. हा ओरडतो, ती हुंदके देते. गुप्तहेर ओशाळून निघून जातात आणि ही दोघं खळखळून हसतात. मला विचाराल, तर प्रेम जमलं ते इथं, त्या खोट्या भांडणात.

अशा चित्रपटांना स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात. स्क्रूबॉल म्हणजे बेसबॉलमधला भलतीकडे वळणारा चेंडू. आपली गुगलीच म्हणा ना.

आणि आपल्याकडे? १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं ‘ब्रह्मचारी’ काढला. लेखणी आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. व्याख्यान ऐकून औदुंबर ब्रह्मचर्याचा पण करतो, जमवलेली नट्यांची चित्रं फेकतो, आश्रम गाठतो. तिथं त्याला भेटते मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी, आणि तीच त्याच्या मागे लागते! त्याच वर्षी ‘ब्रिंगिंग अप बेबी’त कॅथरिन हेपबर्न कॅरी ग्रँटच्या अशीच मागे लागली होती. लोक अजून ‘ब्रह्मचारी’तल्या मीनाक्षींच्या पोहण्याच्या पोशाखाबद्दलच बोलतात. मला मात्र किशोरीची हिंमत मोठी वाटते. प्रेमात पहिलं पाऊल तिनं टाकलं, आणि तेही १९३८ च्या मराठी पडद्यावर.

त्या ब्लँकेटचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. शेवटच्या दृश्यात एली आणि पीटर दिसतच नाहीत. बाहेर खोल्यांचा मालक आणि त्याची बायको बोलत उभे आहेत: या जोडप्याला दोरी कशाला हवी, ब्लँकेट कशाला, आणि खेळण्यातली तुतारी ती कशाला? तेवढ्यात आतून तुतारी वाजते. ब्लँकेट जमिनीवर पडतं. खोलीतला दिवा मालवतो.