शेवटची गाडी किती वाजता?

२०२१ साली परभणी-नांदेडकडे पेट्रोलने शंभरी ओलांडली. परभणीला इंधन मनमाडहून टँकरने येते आणि त्या वाहतुकीचा खर्च गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. आता लोक आपसूक एसटीत बसतील, असे तेव्हा अनेकांना वाटले. तो हिशोब आज आपण मांडून पाहू.

लोहा ते नांदेड, जाऊन-येऊन साठएक किलोमीटर. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असे धरले, तर रोजचे सव्वाशे रुपये. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे तेही शंभराच्या पुढेच. मागे भाऊ बसला, तर मोटारसायकलच स्वस्त! मासिक पास काढला, तर वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस फिरता येते. तिथे मात्र महिन्याला हजारभर रुपये खरोखर सुटतात.

बायकांची गोष्ट निराळी. १७ मार्च २०२३ पासून त्यांना अर्धे तिकीट आहे. ज्या बाईला गाडीवर नेणारे कोणी नाही, किंवा ज्याला-त्याला विचारत बसायचे नाही, ती आता कंधार-मुखेडहून दवाखान्याला, बँकेला, माहेराला स्वतः निघते. मराठवाड्यात एसटीकडे वळणे म्हणजे काय, हे मला या बायकांनी शिकवले. या सवलतीचे पैसे सरकारने एसटीला वेळेवर द्यायला हवेत. ते अडले, की गाड्यांची दुरुस्ती अडते.

मग पासातून सुटणारे हजार रुपये सोडून दुकानातला पोरगा हप्त्यावर मोटारसायकल का घेतो? दुकान रात्री नऊला बंद होते आणि त्याच्या गावाची एसटी त्याआधीच गेलेली असते. शिवाय तो फाट्यावर उतरतो. गाव आत तीन-चार किलोमीटर. त्यात ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला. कामगारांचे पगाराचे दुखणे खरे होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या महिन्यांत ज्यांच्या दारात मोटारसायकल आली, त्यांना परत आणायला नुसते महाग पेट्रोल पुरत नाही. हप्ता तर चालूच राहतो.

लातूरला शिकणाऱ्या नांदेडकडच्या मुलांना तर एसटीशिवाय सरळ वाटच नाही. नांदेडहून रेल्वेने निघाले, तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो. अहमदपूरवरून डांबरी रस्ता मात्र सरळ जातो. लोह्यावरून रेल्वेची मागणी जुनी आहे, ती आपण सोडू नये. निजामाच्या राजवटीत १९३२ साली सत्तावीस बसगाड्या सुरू झाल्या, त्या रेल्वेच्याच खात्याने चालवल्या. रेल्वे आणि बस एका हाताने चालत होत्या! १९६१ साली मराठवाड्याची बससेवा राज्याच्या महामंडळात आली. आज रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या प्रवाशाला त्याच्या तालुक्याची गाडी बाहेर उभी मिळावी, एवढा मेळ दोन खात्यांनी घालायला काय हरकत आहे?

माझे मागणे साधे आहे. १ मे रोजी ग्रामसभा असते. आपल्या गावाला मुक्कामी गाडी हवी का, संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता सुटावी, पासवाले किती जण मिळतील, हे नावानिशी लिहून ठराव करा आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तो आगारप्रमुखांच्या हातात द्या.