पासवर्डची चटणी



बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हटकून येतो. "ताई, पासवर्ड विसरले, ऑफिसात फोन करून विचारता का?" आता गंमत अशी, की वेबसाइट नीट बनवलेली असेल तर ऑफिसलाही तो सांगता येत नाही. त्यांच्याकडे तो नसतोच!

कसं, ते सांगते. आपली सोलापुरी शेंगाचटणी घ्या. दाणे, लसूण, तिखट उखळात कुटलं की चटणी होते. त्या चटणीतून पुन्हा अख्खे दाणे कुणी काढून दाखवील का? प्रोग्रामर तुमच्या पासवर्डचं तसंच करतो. गणिताच्या उखळात तो कुटतो आणि फक्त चटणी जपून ठेवतो. याला हॅशिंग म्हणतात. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकला की तो पुन्हा कुटायचा. दोन्ही चटण्या जुळल्या तर दार उघडतं.

पण दहा जणींचा पासवर्ड एकच असला तर चटणीही एकच. एकीचा कळला की दहाजणींचा कळला. म्हणून कुटताना प्रत्येकीच्या पासवर्डात वेगळी अक्षरं मिसळतात. त्याचं इंग्रजी नावच सॉल्ट, म्हणजे मीठ! ही युक्ती १९७९ सालापासून छापून आलेली आहे, तरी सगळे ती पाळत नाहीत. अमेरिकेतल्या रॉकयू कंपनीने पासवर्ड न कुटता तसेच ठेवले होते. २००९ मध्ये चोरांनी ३ कोटींहून जास्त पासवर्ड नेले. त्यांत सगळ्यांत जास्त वेळा कोणता निघाला? १२३४५६.

चोराकडेही उखळ असतं, बरं का. तो अंदाजाने शब्द कुटून जुळवत बसतो. चांगला प्रोग्रामर उखळ मुद्दाम संथ ठेवतो, म्हणजे चोराचा वेळ जातो. पण १२३४५६, लेकराचं नाव, जन्मसाल हे त्याला लगेच सापडतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. उखळ, जांभूळ, एसटी, पैंजण असे. हेच ठेवू नका, आता रेडिओवर सगळ्यांनी ऐकले!

२०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज आपल्यातल्या कितीतरी जणींनी दुसऱ्याकडून भरून घेतले. अशा वेळी पासवर्ड दुसऱ्याने ठरवला असेल, तर घरी येऊन तो बदलायचा. विसरला तर 'फरगॉट पासवर्ड' दाबून नवा करायचा. एखाद्या वेबसाइटने तुमचा जुनाच पासवर्ड मेसेजवर धाडला, तर ओळखा, तिथे कुटलेलं नाही. तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका. ओटीपी विचारणारा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

स्वतःचा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या पेटीत ठेवला तर चालेल. गटाचा मात्र हिशेबाच्या वहीत नको. ती वही बँकेत जाते, घरोघर फिरते. सचिव बदलली की त्याच बैठकीत पासवर्ड बदलायचा. वहीत लिहायचा तो फक्त बदलल्याचा ठराव.