खुर्चीकडे जाणारी वाट प्रयोगशाळेतून जावी



अभियांत्रिकी प्राध्यापकांच्या या परिषदेसाठी करवीरनगरीत आपलं मनापासून स्वागत. पुढचे दोन दिवस आपण आमच्या घरचे पाहुणे आहात. राहण्याजेवणात काही कमी पडलं तर स्वयंसेवकांना हक्कानं सांगा. निळ्या फिती लावलेली ही मुलंमुली आमच्याच महाविद्यालयांतली आहेत. गेले तीन आठवडे ती या मांडवासाठी राबली आहेत, म्हणून पहिले आभार त्यांचे.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतला फौंड्रीवाला. पदवी अभियांत्रिकीची, पण आयुष्य गेलं वाळू, साचे आणि वितळलेल्या लोखंडापाशी. परिषदेचा विषय शैक्षणिक नेतृत्व आहे असं कळलं, तेव्हा मला माझे एक सर आठवले. द्रवयांत्रिकी शिकवायचे. नळातून वाहणारं पाणी शांत कधी असतं आणि खवळतं कधी, हे ते नुसत्या खडूनं असं उभं करायचे की शेवटच्या बाकावरचा पोरगाही वही उघडायचा. आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना सरांना बढती मिळाली. मोठं पद, मोठी खोली. त्यानंतर ते वर्गात आले नाहीत. त्यांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स दुसरं कुणीतरी वाचून दाखवायचं. सरांवर माझा राग नव्हता, आजही नाही. पण एक चांगला शिक्षक गेला आणि बदल्यात महाविद्यालयाला नेमकं काय मिळालं, हा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या मनात आहे.

त्या प्रश्नाचं उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडलं. विमानविद्येचे प्राध्यापक सतीश धवन. आपल्याला ते इस्रोचे अध्यक्ष म्हणून माहीत आहेत. मला आज बोलायचं आहे ते प्राध्यापक धवनांबद्दल.

१९२० साली श्रीनगरला त्यांचा जन्म झाला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकले, मग इंग्रजी साहित्यात एम. ए. झाले, त्यावर यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेत मिनेसोटाला एम. एस. करून ते कॅलटेकमध्ये हान्स लीपमान यांच्या हाताखाली दाखल झाले आणि १९५१ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. त्यांचा प्रबंध कशावर होता ते सांगतो, कारण कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला तो लगेच भावतो. पृष्ठभागावरून हवा वेगानं घासून जाते तेव्हा ती त्याला किती ओढते? बहुतेक संशोधक हे हवेच्या वेगाची मापं घेऊन गणितानं काढत. धवनांनी पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा सुटा केला, त्याच्या भोवती बारीक फट ठेवली आणि हवा त्या तुकड्याला किती सरकवते ते थेट मोजलं. आडवाटेचा हिशेब सोडून हाताला लागेल असं माप घेण्याची त्यांची ही पद्धत. नासाची पूर्वसूरी असलेल्या नाका या संस्थेनं १९५३ मध्ये ते काम अहवाल म्हणून छापलं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते वरिष्ठ वैज्ञानिक अधिकारी म्हणून रुजू झाले. तिथल्या विमान अभियांत्रिकी विभागाची मुळं आमच्या मातीत आहेत, हे कोल्हापूरकर म्हणून मला सांगितलंच पाहिजे. १९४२ मध्ये तो विभाग उभा करणारे विष्णू माधव घाटगे हे गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकलेले. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं आणि ते १९५१ मध्ये उडालं. घाटग्यांनी पेरलेल्या त्या विभागात धवनांनी देशातला पहिला स्वनातीत विंड टनेल बांधला. त्याच्या तोंडाचं माप एक इंच बाय तीन इंच. ध्वनीपेक्षा वेगवान हवेचा अभ्यास या देशात तेवढ्याशा खिडकीतून सुरू झाला. १९५५ मध्ये ते विभागप्रमुख झाले. १९५८ मध्ये रोद्दम नरसिंह या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी शांत प्रवाह खवळत जातो त्या मधल्या अवस्थेवर शोधनिबंध लिहिला. तोच विद्यार्थी पुढे नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचा संचालक झाला. माझ्या सरांनी खडूनं शिकवला तो धडा हाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

१९६२ मध्ये चाळिशी नुकतीच ओलांडलेले धवन संस्थेचे संचालक झाले. १९८१ पर्यंत, एकोणीस वर्षं, ते त्या पदावर होते. इतका काळ तिथे दुसरं कुणीही संचालक राहिलेलं नाही. याच १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये इथे शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे प्राध्यापक. माळावर विद्यापीठ उभारता उभारता त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादनही केलं. ते कागद आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

संचालक म्हणून धवनांनी जे केलं, त्यातली मला सर्वांत मोठी वाटते ती माणसांची निवड. विमानविद्येचा माणूस प्रमुख झाला म्हणून संस्था विमानांकडे झुकली नाही. जी. एन. रामचंद्रन यांच्यासाठी रेणवीय जीवभौतिकीचं दालन उघडलं. रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव आले. विद्युत्‌रसायनशास्त्रज्ञ अमूल्य रेड्डी यांना खेड्यांतल्या चुली, इंधन आणि घरबांधणी यांवर काम करायचं होतं. १९७४ मध्ये 'अस्त्र' नावाचा उपक्रम त्यासाठी संस्थेच्या आवारात उभा राहिला. आपले पुण्याचे माधव गाडगीळ आणि सुलोचना गाडगीळ १९७३ मध्ये तिथे गेले. एक रानावनाचा, एक मान्सूनचा अभ्यास करणारे. परिसरशास्त्रज्ञाला सैद्धांतिक अभ्यासाच्या केंद्रात जागा देणं त्या काळी किती धाडसाचं होतं, ते प्राध्यापक नेमणुकांची गणितं जाणणाऱ्या या सभागृहाला मी सांगायला नको. आपल्या विषयाबाहेरच्या आणि आपल्याहून सरस माणसांना आणून बसवायचं आणि त्यांना मोकळं सोडायचं, हे ज्याला जमतं तोच संस्था चालवू शकतो, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्टही तितकीच मोलाची. संचालकपदाची नऊ वर्षं झाल्यावर हा माणूस खुर्ची तात्पुरती सोडून पुन्हा कॅलटेकला अभ्यासासाठी गेला. तो तिथे असतानाच ३० डिसेंबर १९७१ रोजी विक्रम साराभाई गेले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी धवनांना अंतराळ कार्यक्रमाची धुरा घ्यायला सांगितलं. त्यांनी दोन अटी घातल्या: मुख्यालय बंगळुरूला असावं, आणि विज्ञान संस्थेचं संचालकपद आपल्याकडेच राहावं. देशातलं एवढं मोठं पद समोर असताना ज्याला आपली संस्था सोडवत नाही, त्या माणसाचं मन कुठे गुंतलं होतं ते यातून दिसतं. १९७२ ते १९८४ त्यांनी इस्रो सांभाळली. एसएलव्ही-३ या रॉकेटचं १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं तेव्हा पत्रकारांपुढे स्वतः जाऊन त्यांनी जबाबदारी घेतली, आणि १८ जुलै १९८० ला ते यशस्वी झालं तेव्हा त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केलं. ही हकीकत कलामांनीच सांगितली आहे, आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते वसंत गोवारीकर, घन इंधनाचे जाणकार. त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. हेच गोवारीकर १९९५ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याआधी दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांनी मान्सूनच्या अंदाजाचं नवं प्रारूप उभं केलं होतं. रॉकेटच्या कामातून आलेला माणूस विद्यापीठात आला तो हातातलं काम घेऊनच.

आता या सभागृहातल्या, कुलगुरू किंवा संचालक व्हावं असं वाटणाऱ्या तरुण प्राध्यापकांशी मला बोलायचं आहे. तसं वाटणं मुळीच गैर नाही. महत्त्वाकांक्षा लपवायचं कारण नाही. पण आजच्या आपल्या विद्यापीठ कायद्यात कुलगुरूला मुदत पाच वर्षांची आणि पुन्हा त्याच जागी नेमणूक नाही. धवनांना मिळालेली एकोणीस वर्षं तुम्हाला मिळणार नाहीत. पाच वर्षांत इमारतीचा पाया भरतो, परीक्षांचे निकाल, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा आणि न्यायालयातली प्रकरणं यांत दिवस जातात. म्हणून पदावर गेल्यावर काय करायचं ते ठरवू, असं म्हणून चालत नाही. फौंड्रीत साच्याच्या वाळूत ओल राहिली तर कास्टिंग बाहेरून गुळगुळीतच दिसतं. आतलं भोक मशीनवर चढवल्यावर उघडं पडतं, आणि तोवर लोखंड, कोळसा, मजुरी सगळं गेलेलं असतं. शोध समितीपुढचं सादरीकरण गुळगुळीत करायला फार दिवस लागत नाहीत. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं मात्र वर्गात, प्रयोगशाळेत आणि विद्यार्थ्यांच्या संगतीत भरीव गेलेली असावी लागतात.

आपल्या दोन दिवसांच्या चर्चेत मानांकन, निधी, स्वायत्तता यांवर सत्रं आहेत. ती हवीतच. पण एका सत्रात तरी इथे बसलेल्या कुलगुरूंनी सांगावं, की पदावर असताना त्यांनी काय शिकवलं, कोणाला घडवलं आणि कोणती नेमणूक केल्याचा त्यांना आजही आनंद आहे. आम्हा उद्योजकांना ते ऐकायचं आहे, कारण तुमची मुलं उद्या आमच्याकडे येतात.

निवृत्तीनंतर धवन पुलिकत सरोवरावरचे पक्षी न्याहाळत, त्यांची चित्रं काढत, आणि पक्ष्यांच्या उड्डाणावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पत्र्यावरून घसरणाऱ्या हवेपासून सुरू झालेला अभ्यास पंखांपर्यंत गेला. ३ जानेवारी २००२ रोजी ते गेले, आणि त्याच वर्षी श्रीहरिकोटाच्या अंतराळ केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. त्या केंद्रासाठी पूर्व किनारा पालथा घालून जागा शोधणारे एकनाथ चिटणीस हे आमच्या कोल्हापूरचे.

परवा सकाळी सात वाजता या सभागृहासमोरून दोन बसगाड्या सुटतील. एक हसूरचंपूला जाईल, दुसरी शिरोलीच्या फौंड्र्यांकडे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर यावं, आणि पुढच्या खेपेला आपले विद्यार्थी बरोबर आणावेत.