माझ्या संग्रहातील तबकड्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात तासगाव येथे केलेले भाषण)



माझ्या संग्रहातील गाण्यांविषयी चार शब्द बोलावेत आणि जमल्यास दोन-चार गाणी ऐकवावीत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आजवर ह्या व्यासपीठावरून शिक्षणनिधी, वधूवरसूचक मंडळ, वसतिगृहाची इमारत अशा जबाबदारीच्या विषयांवर भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीत गाण्याच्या तबकड्यांनाही पाट मांडला जावा, ह्याचे मला नवल वाटले आणि आनंदही झाला. मी गवई नव्हे. रागांची नावे मला ऐकून ठाऊक आहेत, गळ्यातून एकही निघत नाही. मजजवळ आहेत त्या तीन पेट्यांतील सुमारे तीनशे ध्वनिमुद्रिका आणि चावीचा एक फोनो. तो समोर टेबलावर ठेवलाच आहे. त्यास वीज लागत नाही. तेव्हा सभा चालू असता दिवे गेले तर वक्त्याचे तोंड दिसणार नाही इतकेच, गाणे ऐकू येईल.

ह्या संग्रहास शिस्त अशी काही नाही. वडील व्यापाराच्या निमित्ताने सांगली-मिरजेस जात, तेव्हा त्यांनी आणलेल्या तबकड्या हा त्याचा पाया. पुढे कोल्हापूर आणि पुणे येथील जुन्या बाजारांतून मी भर घातली. आणि गेल्या वीसपंचवीस वर्षांत तर ‘माळ्यावर अडगळ पडली आहे, घेऊन जा’ असे म्हणत आपल्याच कुटुंबांनी मला पेट्या भरून दिल्या. त्यामुळे बालगंधर्वांच्या शेजारी पोवाडा, पोवाड्यास लागून सैगल, त्यांच्या खाली कानडी नाटककंपनीची पदे, आणि जुन्या बाजारातील एका गठ्ठ्यातून आलेली एन्रिको कारुसो ह्या इटालियन गवयाची एक तबकडी, असा सारा मेळा तेथे जमला आहे. कारुसोचा एक शब्दही आमच्या घरात कोणास कळला नाही. परंतु तो वरच्या स्वरावर जाऊन उभा राहिला की वडील मान डोलवीत आणि ‘गळा आहे’ एवढेच म्हणत.

आजच्या मुलांना खिशातल्या दूरध्वनीवर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते. त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ही तबकडी दहा इंचांची. लाख, दगडाची पूड आणि काजळी ह्यांच्या मिश्रणाची ती केलेली असते. आणि त्यातली लाख बहुतांशी आपल्याच देशाच्या रानांतून जगभर जात असे. मिनिटास सुमारे अठ्ठ्याहत्तर फेरे घेत ती एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे गाते. हिंदुस्थानात पहिली ध्वनिमुद्रणे झाली ती नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यास. विलायतेहून आलेल्या गैसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाने ती केली, आणि गोहरजान ही त्यातली अग्रगण्य गायिका. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोफर येथे. तेथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गाणे संपताच गायक आपले नाव मोठ्याने सांगत. सन १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला, तरीही ही चाल काही काळ टिकली. माझ्याजवळच्या काही जुन्या तबकड्यांत हे नाव सांगणे ऐकू येते, आणि गाण्यापेक्षा मला कधी कधी तेच अधिक आवडते.

काय राहिले आणि काय गेले, ह्याचा हिशेब केला तर मन उदास होते. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले, म्हणजे पहिली तबकडी निघण्याच्या आदल्याच वर्षी. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचा आवाज आज आपणांस ऐकावयास मिळत नाही. अल्लादियाखाँसाहेबांचाही नाही. ह्या थोरांची केवळ वर्णने आपण वाचावयाची.

परंतु अब्दुल करीमखाँसाहेब राहिले, आणि ते तर आपल्या शेजारचे. उत्तरेकडील कैराना हे त्यांचे जन्मगाव. पण घर केले ते मिरजेत. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती, उरुसात तेथे ते गात, आणि आजही त्यांच्या स्मरणार्थ तेथे गवई हजेरी लावतात. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेकडून पाँडेचरीस जात असता सिंगपेरुमाळकोईल ह्या लहानशा स्थानकावर त्यांनी देह ठेवला, आणि तो मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या. खाँसाहेबांच्या तबकड्यांत ख्याल आहेत, ठुमऱ्या आहेत, मराठी नाटकांतील पदे आहेत, आणि खरहरप्रिया रागातील त्यागराजांची एक तेलुगू कृतीसुद्धा आहे. कैरान्याचा मुसलमान, मिरजेचा रहिवासी आणि तोंडी तेलुगू रामभक्ताचे पद! ज्या तंबोऱ्याच्या साथीने हे गाणे उभे राहते, तो तंबोराही मिरजेतच घडतो. पूर्वी शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून हा धंदा उभा केला. त्यांच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेलच.

(येथे खाँसाहेबांची झिंझोटी रागातील ठुमरी वाजविण्यात आली.)

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. हा संग्रह मी संस्थेच्या सभागृहास देऊ इच्छितो, हे कार्यकारी मंडळास मी दिवाळीपूर्वीच कळविले होते. मंडळाने तो आनंदाने स्वीकारला. परंतु काही वडीलधाऱ्या सभासदांकडून मला एक सूचना आली. ती अशी : सभागृहात स्त्रिया आणि मुले बसतात, सत्यनारायण होतो, मुली दाखविण्याचे कार्यक्रम होतात, तेव्हा नाट्यगीते, अभंग, गीतरामायण एवढे ठेवावे आणि लावण्या, बैठकीच्या बायकांची गाणी, तमाशातील वगाच्या तबकड्या वगळाव्यात. सूचना करणारे माझ्याहून वयाने मोठे आहेत, आणि संस्थेसाठी त्यांनी झिजविलेले जोडे मी पाहिले आहेत. म्हणून एका ओळीचा नकार न पाठविता मी सबंध उन्हाळा पेट्या उघडून बसलो आणि ही वाटणी करून पाहिली. एक ढीग सोवळ्याचा, एक ओवळ्याचा.

आरंभ केला बालगंधर्वांपासून. नागठाणे हे त्यांचे गाव, पूर्वी आपल्याच तालुक्यातले. त्यांना सोवळ्याच्या ढिगात घालण्यास कोण हरकत घेईल? त्यांत ‘एकच प्याला’तील पदे आहेत. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले आणि त्यानंतर त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू ही पतिव्रतेची परमावधी. आमच्या आत्याबाईंनी ते नाटक सांगलीस एकदाच पाहिले होते. बालपणीच वैधव्य आलेल्या त्या बाईला पुढे नाटकास कोण नेणार? पण दुपारी पुरुषमाणसे दुकानी गेली की त्या सिंधूची तबकडी लावावयाच्या आणि पदराने डोळे टिपावयाच्या. ती झाली की कर्ण्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबावयाचा, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये, आणि मग सुंदराबाईंची लावणी लावावयाची. मी लहान होतो. दाराशी पहारा देण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्याचा मोबदला बेदाण्यांच्या मुठीने मिळे. वडिलांना हे ठाऊक असावे, कारण झिजलेल्या सुया कमी झालेल्या त्यांना दिसत; पण ते कधी बोलले नाहीत.

आत्याबाईंना ठाऊक नव्हते, आणि मलाही फार उशिरा कळले, ते असे की ज्या सिंधूसाठी त्या रडत तिच्या पदांच्या चाली बालगंधर्वांनी ह्याच सुंदराबाई जाधवांकडून घेतल्या होत्या! पुण्याच्या ह्या बाई लावणी, गझल, ठुमरी गाणाऱ्या. त्यांच्या गळ्यातील चालींवर विठ्ठल सीताराम गुर्जरांनी शब्द बसविले आणि तीच पदे घरोघरी कुलस्त्रिया गाऊ लागल्या. ‘प्रभात’च्या ‘माणूस’ ह्या १९३९ च्या चित्रपटात नायकाची भाविक आई झाल्या आहेत त्याही ह्याच. आता मला सांगा, कर्ण्यातला बोळा नेमक्या कोणत्या तबकडीसाठी कोंबावयाचा?

दुसरी तबकडी घेतली भूपाळीची. ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट १९५१ मध्ये निघाला, वसंत देसाईंचे संगीत; त्यातील भूपाळी आजही कित्येक घरांत पहाटे लागते. ती सोवळ्यात जावी हे उघड. पण ती ज्याच्या नावावर चालत आली तो होनाजी कोण? उत्तर पेशवाईतला गवळी ज्ञातीचा शाहीर, लावण्या रचणारा, बाळासह फडावर उभा राहणारा. देवघरातली भूपाळी आणि फडावरची लावणी एकाच माणसाची.

मग गीतरामायण. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक, अशी एकूण छप्पन्न गीते. त्या वेळी रेडिओला हार घालून आणि उदबत्ती लावून लोक ऐकत, हे आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिले आहे. ती लिहिणारे माडगूळकर आटपाडीकडचे, शेटफळ्याचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. परंतु १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधील ज्या लावण्यांनी महाराष्ट्र डोलविला, त्या कोणी लिहिल्या? ह्याच लेखणीने. आणि त्या गायिल्या आशाबाई भोसल्यांनी, ज्यांचा जन्म १९३३ चा, सांगलीचा.

येथे मी ढीग पाडणे सोडले.

तरी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. जन्म १८६६ चा. ब्राह्मणाच्या घरचा हा मुलगा तमाशाच्या नादाने घर आणि जात दोन्ही टाकून गेला, आणि महार समाजातील पवळाबाईंसह त्यांनी फड गाजविला. १९४५ मध्ये ते वारले. हे वाक्य ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून उच्चारताना माझी जीभ किंचित अडखळते, हे मी लपवीत नाही. आपण येथे जमतो ते ज्ञातीच्या नात्याने. त्या नात्याने मुलांना विद्यार्थिवेतने मिळाली, परगावी आसरा मिळाला, हे मी विसरत नाही. पण माझ्या तिन्ही पेट्यांतील गाणी आपल्या ज्ञातीतील गायकांपुरती ठेवू म्हटले, तर एक तबकडीही उरणार नाही. आपल्या ज्ञातीने गाणे ऐकले, गायिले दुसऱ्यांनी. त्यातही फोनोच्या आरंभीच्या काळात थोर उस्ताद कर्ण्यासमोर बसावयास कचरत होते; तेव्हा गोहरजानसारख्या, समाजाने माजघरात न घेतलेल्या स्त्रियाच पुढे झाल्या. त्यांचा आवाज मात्र माजघरात आला आणि राहिला. त्या बायांना आता, शंभर वर्षांनंतर, आपल्या सभागृहाच्या पायरीवरून परत पाठविण्याचे काम माझ्या हातून होणार नाही.

म्हणून मंडळापुढे मी एकच अट ठेवली : संग्रह सबंध घ्यावा, अथवा घेऊ नये. मंडळाने दोन बैठका घेतल्या. दुसरी बैठक पुष्कळ लांबली असे ऐकतो. ठराव मंजूर झाला आहे. विरोधी मत देणाऱ्या दोन सभासदांनी ते नोंदविले आहे, आणि ते इतिवृत्तात तसेच राहावे अशी माझी विनंती आहे.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अजून अशा पेट्या असतील. कृपा करून त्या भंगारवाल्यास वजनावर देऊ नका. तबकड्या एकावर एक आडव्या रचल्या की वाकतात आणि खालच्या फुटतात; पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. त्या स्पिरिटने कदापि पुसू नयेत, कारण लाख स्पिरिटात विरघळते. मऊ ओले फडके पुरे, आणि मधला कागद भिजू देऊ नये. पोलादी सुई एका बाजूस एक, हा नियम. सुई वाचविणारा तबकडी गमावतो. ज्यांना तबकड्या द्यावयाच्या नसतील त्यांनी त्या आठ दिवसांसाठी आणाव्यात. आपल्या तरुण मंडळींनी संगणकावर त्यांची प्रत उतरविण्याचे पत्करले आहे. मात्र मधल्या कागदाचे छायाचित्र आणि तबकडीवरील क्रमांक हेही नोंदविले जावेत. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीस पोरका होतो. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था हे काम करीत आली आहे. तिच्या सभासदांनी जमविलेली माहिती आपणांस उपयोगी पडेल.

येत्या महिन्यापासून शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता सभागृहात दीड तास श्रवण होईल. प्रत्येक वेळी एका घराने पाच तबकड्या निवडाव्यात, कोणत्याही. निवड करणाऱ्याने ती का केली हे दोन वाक्यांत सांगावे, अधिक नको; भाषण करण्याची हौस मला एकट्यालाच पुरे आहे. पहिल्या रविवारी आत्याबाईंच्या दोन तबकड्या लागतील, सिंधूची आणि सुंदराबाईंची, त्याच क्रमाने आणि कर्णा उघडा ठेवून. ज्यांनी विरोधी मत नोंदविले त्या दोघांनाही मी घरी जाऊन आमंत्रण दिले आहे. एकांनी येतो म्हटले. दुसऱ्यांनी अद्याप काही सांगितलेले नाही.

पेट्यांच्या किल्ल्या मी आज कार्यवाहांच्या स्वाधीन करतो. सुयांची डबी मात्र तूर्त माझ्याजवळच राहील. सुया आता सहजासहजी मिळत नाहीत, आणि एका बाजूस एक हा नियम पाळला जातो की नाही, हे मला काही महिने स्वतः पाहावयाचे आहे.