न ऐकणारे मन
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



इंग्रजीत ‘हाइडबाउंड’ असे एक विशेषण आहे. ‘हाइड’ म्हणजे जनावराचे कातडे, ‘बाउंड’ म्हणजे बांधलेले. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा शब्द गुरांना लावीत. चाऱ्यावाचून खंगलेल्या गाईचे कातडे फासळ्यांना चिकटते, चिमटीत धरू म्हटले तरी सुटत नाही. अशी गाय ‘हाइडबाउंड’. पुढे तो शब्द माणसाच्या मनाला लागला. रूढीला मन असे चिकटलेले, की नव्या विचाराला आत जागाच नाही!

आपण अशाला हट्टी म्हणू. पण अर्थ पुरता जुळत नाही. हट्टी माणूस एखाद्या गोष्टीपुरता अडून बसतो. ‘कर्मठ’ जवळचा, पण तो बहुधा धर्माचारापुरता. आणि ऐकून, पारखून मग ‘नको’ म्हणणारा हाइडबाउंड नव्हेच. न ऐकताच ‘नको’ म्हणणाऱ्या माणसाला, संस्थेला हा शब्द लावतात.

विद्वानही यातून सुटत नाहीत. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणी सूतिकाज्वराने मरत. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीसाठी येतात, हे डॉ. सेमेलवाइस यांनी हेरले. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरांत अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये सुमारे दोन. तरीही अनेक नामांकित डॉक्टरांनी ते मानले नाही. आपल्याच हातांनी मरण नेले, हे कबूल कोण करणार? १८६५ साली सेमेलवाइस उपेक्षेतच वारले.

मला त्या डॉक्टरांना हसण्याचा अधिकार नाही. माझी सून बाळंतीण झाली, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, “बाळाला अंगावर पाजते आहे, तहान लागेल तेवढे पाणी—” मी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, हे सासूबाईंनी मला शिकवले होते. चौथ्या रात्री सून स्वयंपाकघरात अंधारात चोरून पाणी पिताना दिसली. मला पाहून तिच्या हातातला तांब्या थरथरला. शब्दाचा अर्थ मला त्या रात्री कळला.

भगिनींनो, उपाशी गाईला चारा मिळाला की कातडे सैल होते. मनाचेही तसेच असावे. मंडळात एखादी नवी सून काही सुचवील, तेव्हा तिला वाक्य तरी पुरे करू द्या. मग हवे तर ‘नको’ म्हणा.