हौसेच्या चार कोंबड्या



शेडमध्ये हजार-दोन हजार पक्षी ठेवतात त्या धंद्याबद्दल मी आज बोलणार नाही. त्याचं गणित वेगळं आणि त्याचं कर्जही वेगळं. आज बोलायचंय ते तुमच्या परसात, उकिरड्यावर उकरत हिंडणाऱ्या आठ-दहा कोंबड्यांबद्दल. या कोंबड्या कुणी धंदा म्हणून पाळत नाही. पहाटे कोंबडा आरवावा, पोरांच्या हातात उकडलेलं अंडं पडावं, पाहुणा आला तर बाजार गाठायची वेळ येऊ नये आणि घरातल्या बाईकडे तिच्या हक्काचे चार पैसे असावेत, म्हणून त्या असतात. हौसच ती. पण या हौसेचे पैसे वहीचे, औषधाचे, मिठामिरचीचे असतात, म्हणून ती नीट केलेली बरी.

आधी एक हिशेब करून बघा. गेल्या वर्षी खुडूक कोंबडीखाली किती अंडी ठेवलीत? पिल्लं किती निघाली? आणि त्यातली तलंगा नि कोंबडे होऊन खुराड्यात किती उरली? पुष्कळ घरी उत्तर सारखंच मिळतं. अंडी बारा, पिल्लं आठ-नऊ, उरली दोन नाहीतर तीन. "नशिबात नव्हती," म्हणून आपण गप्प बसतो. मधली सहा पिल्लं गेली कुठं ते बघितलं, तर नशिबाचा वाटा त्यात फार थोडा निघतो.

सुरुवात अंड्यापासून करू. उबवायला ठेवायचं अंडं आठवड्याच्या आतलं पाहिजे. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांच्या वरचं घेऊ नका. फार लांबट, फार गोल, तडा गेलेलं, पातळ कवचाचं अंडं बाजूला काढा, ते खायला चालेल. अंडं मळलं असेल तर धुऊ नका, कवचावर एक पातळ आवरण असतं ते धुतल्यानं जातं. असं अंडं उबवायला न ठेवलेलंच बरं. जमवलेली अंडी चुलीजवळ किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. एका घमेल्यात ओली वाळू घाला, त्यावर मातीचं मडकं ठेवा, मडक्यात थोडा भुसा नि त्यात अंडी, बोथट टोक वर करून. मडक्यावर फडकं झाका. वाळू ओली राहिली की आत गारवा राहतो.

देशी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरे. पंखाखाली मावणार नाहीत इतकी ठेवली, तर कडेची थंड पडतात. ती आत सरकतात, दुसरी बाहेर येतात आणि सगळ्यांचंच नुकसान होतं. बसवण्याआधी कोंबडीची पिसं उलटून बघा. उवा-पिसवा असतील तर तिला स्वस्थ बसवत नाही, ती सारखी उठते. पाटीत जुना पेंढा ठेवू नका, नवा घाला. दाणा आणि पाणी जवळच असू द्या, म्हणजे ती लवकर परत अंड्यांवर येते.

सातव्या-आठव्या रात्री अंधारात एकेक अंडं उजेडासमोर धरून बघा. पूर्वी कंदिलाला पुठ्ठा लावून बघत असत, आता मोबाईलची विजेरी पुरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत आहे. सगळं स्वच्छ, पिवळं दिसलं तर ते वांझ, काढून घ्या. बरीच अंडी वांझ निघत असतील तर कोंबड्याकडे बघा. एका कोंबड्यामागं आठ-दहा माद्या ठीक. पण तोच म्हातारा कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला आणि त्याच्याच लेकी खुराड्यात राहिल्या, तर अंडी फळत नाहीत आणि पिल्लं किरकिरी निघतात. दुसऱ्या गावच्या पाहुण्याशी दर वर्षा-दोन वर्षांनी कोंबड्याची अदलाबदल करा, खर्च काही नाही.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. निघाल्याबरोबर हात घालायची घाई करू नका. पिल्लाच्या पोटात पिवळ्याचा साठा असतो, पहिला दिवस त्याचा त्यावर भागतो. ती वाळून, फुलून आईच्या पंखाबाहेर डोकावू लागली की मग पाणी आणि दाणा द्या.

आता सगळ्यात जास्त पिल्लं जातात ते पहिले चार-पाच आठवडे. घार वरून नेते, बोका कुंपणाआडून नेतो, आणि पावसात भिजलेलं पिल्लू रात्री गारठून जातं. यावर उपाय तुमच्या घरातच आहे, तो म्हणजे डालगं. पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीच्या आडोशात ठेवा. सकाळ-संध्याकाळ तुमच्या नजरेसमोर थोडा वेळ सोडा. खायला तांदळाची कणी, ज्वारी-बाजरीची भरड द्या, पण नुसत्या दाण्यावर पिल्लू अंग धरत नाही. त्याला किडे लागतात. एका मडक्यात ओलसर पेंढा आणि थोडं शेण भरा, वाळवीच्या वारुळाजवळ ते पालथं घाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उचला. वाळवी भरलेली सापडली तर पिल्लांपुढं झटका. पिल्लं त्यावर कशी तुटून पडतात ते बघण्यासारखं असतं.

पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करा. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते असं आपण म्हणतो आणि तिला नावं ठेवतो. तिचा अर्ध्याहून जास्त काळ उबवण्यात आणि पिल्लं फिरवण्यात जातो हे कुणी मोजत नाही. पिल्लांतून ती लवकर मोकळी झाली तर लवकर अंड्याला येते. आणि जिला बसवायचं नाही ती खुडूक झाली, तर तिच्या नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं हे प्रकार बंद करा. ते निर्दय आहे. तिला तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात, पेंढा न घालता, तीन-चार दिवस दाणा-पाण्यासह ठेवा. बुडाखाली गार हवा लागली की खुडकी उतरते.

खुराड्याबद्दल थोडक्यात सांगतो. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावं, म्हणजे मुंगूस, उंदीर, साप यांना सोपं पडत नाही. पावसाची झड येते ती बाजू बंद, वरच्या अंगाला जाळी, आत बसायला गोल दांडी. थंडीत गोणपाट लावा पण वरची फट मोकळी ठेवा. सकाळी दार उघडल्यावर स्वतःचं नाक आत घालून बघा. तुमच्या डोळ्यांना पाणी आलं, तर कोंबडीच्या छातीत रात्रभर काय झालं असेल ते समजा. लाकडी खुराड्याच्या फटींत दिवसा गोचिडी लपून बसतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडी विनाकारण निस्तेज वाटली, तर दिवसा तिच्या अंगावर शोधू नका, फटी शोधा. उकळतं पाणी ओता आणि नंतर चुन्याचा हात द्या. कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवली तर कोंबड्या त्यात लोळून आपलं अंग आपणच साफ करतात.

दाण्याचं फार सांगत नाही, कारण ती स्वतः शोधते. संध्याकाळी मूठभर दाणा ठरलेल्या जागी टाका, म्हणजे सगळ्या घरी येतात आणि मोजणीही होते. कवच पातळ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफलं द्या. बुरशी आलेली पेंड किंवा शेंगदाणे "कोंबड्यांना चालतील" म्हणून टाकू नका. त्यातल्या विषानं यकृत जातं. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं रंगीत बियाणं अंगणात सांडू देऊ नका. एका ओंजळीत खुराडं रिकामं होतं.

आता मूळ मुद्दा. पिल्लं घारीनं नेली तर दोन जातात, मानमोडी आली तर गल्ली रिकामी होते. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, पाय लुळे, मान पिळवटलेली, ही तिची लक्षणं. शास्त्रात तिला राणीखेत म्हणतात. कुमाऊंतल्या राणीखेत इथं १९२७-२८ च्या सुमारास ती ओळखली गेली, म्हणून हे नाव. तिच्यावर औषध नाही, आणि हे मी अगदी स्पष्ट सांगतो. लसूण, हळद, कडुलिंब, माणसांच्या गोळ्या, कशानंही ती थांबत नाही. लस मात्र आहे आणि ती चांगली आहे.

पहिली लस पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना, लासोटा किंवा एफ जातीची, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, ही पिण्याच्या पाण्यातूनही देता येते. आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी ही लस टोचून. ती त्याआधी लहान पिल्लाला टोचू नका, सोसत नाही. पुढं दर सहा महिन्यांनी काय करायचं ते दवाखान्यात विचारा. देवीची लसही तिथंच मिळेल.

पाण्यातून लस देताना नळाचं किंवा टीसीएल टाकलेलं पाणी वापरू नका. ज्या औषधानं पाण्यातले जंतू मरतात, त्यानं लसही मरते. विहिरीचं गार पाणी घ्या, त्यात थोडी दुधाची भुकटी घाला, आणि कोंबड्यांना आधी दोन तास तहानेलं ठेवा. लस बर्फावर आणा, बर्फाच्या थर्मासात. खिशात घालून मोटारसायकलवर उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसतं रंगीत पाणी. बाटली उघडल्यावर दोन तासांत संपवा, आणि आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

इथंच गाडं अडतं. लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि तुमच्याकडं कोंबड्या दहा. दहांसाठी बाटली कोण फोडणार, म्हणून कुणीच फोडत नाही, आणि रोग एका घरात शिरला की सगळ्यांच्या जातात. यावर तोड एकच. गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी एक दिवस ठरवावा. बचत गट असेल तर हे काम त्यानं अंगावर घ्यावं. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या नाहीत असं सगळ्यांना सांगावं, दवाखान्यातून लस आणि बर्फ आणावा, आणि उजाडायच्या आत घरोघर फिरून काम उरकावं. डोळ्यात थेंब टाकणं अवघड नाही, एकदा बघून कुणीही शिकेल. टोचायचं काम पशुधन पर्यवेक्षकांकडून किंवा त्यांच्याकडून शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. एक घर सुटलं तर त्या घरातून रोग परत येतो, म्हणून शेजारणीशी भांडण असलं तरी तिच्या कोंबड्या सोडू नका.

बाजारातून नवी कोंबडी आणली की दोन आठवडे वेगळी ठेवा. आणि गावात मर सुरू झाली की उरलेल्या घाईनं बाजारात विकू नका. तुमचे दोनशे-चारशे रुपये वाचतील, पण रोग शेजारच्या गावात पोचेल, आणि तिथून पुन्हा तुमच्याकडं. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर त्यांना हात लावू नका, ओढ्यात फेकू नका, आधी दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात तो पहिलाच, तेव्हापासून हे हलक्यात घ्यायचं नाही.

जातीबद्दल नेहमी विचारणा होते. हैदराबादच्या केंद्राची वनराजा, बंगळूरची गिरिराज, या रंगीत जाती परसासाठीच तयार केल्या आहेत. त्या शंभराच्या वर अंडी देतात. पण पहिले काही आठवडे बल्बच्या उबेत वाढवाव्या लागतात, त्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांत तोच गुण टिकत नाही. म्हणून सगळ्या देशी काढून टाकू नका. उबवायला देशीच लागते. झाबुआकडच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हौस म्हणून दोन-चार जरूर ठेवा. पण "पिल्लं आमची, खरेदीही आमची" असं सांगून कुणी आगाऊ पैसे मागितले तर सावध राहा. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात अशाच योजनेत कितीतरी शेतकऱ्यांनी पैसे बुडाल्याच्या तक्रारी केल्या.

भातखाचरं असतील तर चार बदकं ठेवायला हरकत नाही. तळं नसलं तरी चालतं, पण डोकं बुडेल एवढं खोल पाणी रोज हवं. बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवली तर अठ्ठावीस दिवस लागतात, एकवीस नव्हेत. मग ही पिल्लं पाण्यात शिरली की काठावर त्या बिचारीचा जो आरडाओरडा चालतो! टर्की ठेवायची तर कोंबड्यांपासून लांब, एकमेकांचे रोग लागतात. आणि रानातले मोर, लाव्हे, तित्तिर, रानकोंबड्या धरून पाळू नका, १९७२ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

आता कामाला लागा. पुढची खुडूक बसेल त्या दिवशी खुराड्याच्या दारावर खडूनं तारीख लिहा. तिच्याखाली आठव्या दिवसाची तपासणी, एकविसावा दिवस, आणि पिल्लं निघाल्यापासून सहावा दिवस मांडा. त्या सहाव्या दिवसाच्या आत शेजारच्या घरांना विचारून ठेवा, कुणाकुणाची पिल्लं त्याच सुमारास निघतायत. रामराम.